पेनिसिमानीची रविवारची मुभा

आमच्या बेटावर रविवारी काम करायची मुभा दोनच माणसांना आहे. एक आमचे पाद्री आणि दुसरा पेनिसिमानी. पाद्रींची मुभा फार जुनी. तिच्याबद्दल कोणी विचारायला जात नाही. पेनिसिमानीची पाच वर्षांपूर्वीची. देशाच्या कायद्यात रविवारी दवाखाना, वीज असल्या गोष्टींना सवलत आहे म्हणतात. पण आम्ही हाआपाई बेटांच्याही टोकाला राहणारे. कायद्यापेक्षा थोडं अधिकच पाळायची आमची रीत आहे. रविवारी अंगणात नारळ पडला, तर तो सोमवारी उचलतात.

पेनिसिमानी बुटका आणि रुंद. मान जवळजवळ नाहीच. तरुणपणी तो बेटाबेटांतून फिरणाऱ्या एका मालबोटीवर इंजिनाला तेल घालायच्या कामाला होता. तिथे कान गेले, असं लोक समजतात. ते अर्धंच खरं आहे. माणसांचं बोलणं त्याला कमी ऐकू येतं, यंत्रांचं स्पष्ट. शाळेत मी त्याचा मास्तर होतो आणि मी त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. अभिमानाने सांगत नाही. पुढे उपयोग आहे म्हणून सांगतो.

बोटीवरून परतल्यावर गावाने त्याला जनरेटरच्या खोपटात नेमलं. तेव्हा वीज संध्याकाळी चार तास असायची. तार शाळेपासून निघून गावभर फिरून शेवटी पाद्रींच्या घरी पोचायची आणि पोचेपर्यंत दमायची. एकदा एका जेवणावळीत त्या वेळच्या पाद्रीबाई सहज म्हणाल्या, की हल्ली रात्री वाचताना अक्षरं पाण्यात पडल्यासारखी दिसतात. तार बारीक आहे, दोष तारेचा आहे, हे त्यांना तोंडावर सांगणं कोणालाच शोभलं नसतं. पेनिसिमानीने दुसऱ्या दिवशी इंजिनाच्या वेगाचा स्क्रू पिळला. आमचं इंजिन जुन्या घडणीचं; वेग वाढला की विजेचा जोरही वाढतो. पाद्रीबाईंची अक्षरं पाण्यातून बाहेर आली.

पुढे त्या पाद्रींची बदली झाली. त्यांच्यानंतरच्यांचीही झाली. इंजिन मात्र त्या बाईंच्या मानाखातर अकरा वर्षं पळतच राहिलं. स्क्रू परत ढिला करायचा, तर कोणाला तरी विचारायला हवं होतं, आणि कोणाला विचारायचं हे ठरत नव्हतं.

मग सौर पॅनल आली. हाआपाईच्या मुख्य गावातून, पांगाईहून, बोटीने माणसं आली, शाळेमागच्या मोकळ्या जागेत निळ्या पाट्यांच्या रांगा लावल्या, खोपटाशेजारी एक पांढरी खोली बांधली, आत बॅटऱ्या मांडल्या आणि भिंतीवर तीन मोठे इन्व्हर्टर टांगले. दोन दिवस इंग्रजीतून शिकवून, एक जाड पुस्तक ठेवून ती माणसं गेली. पेनिसिमानीने पुस्तक फडताळात ठेवलं आणि स्टूल घेऊन इन्व्हर्टरसमोर ऐकत बसला.

ऐकून ऐकून त्याला जे कळलं, ते त्याने मला एकदा कावा, आमचं ते मुळांचं मातकट पेय, पिताना समजावलं. हे डबे एरवी बॅटरीतली वीज गावाला देतात. बॅटरी उतरली की इंजिनाला हाक मारतात. इंजिन सुरू झालं की लगेच भुलत नाहीत. आधी त्याची नाडी बघतात: जोर किती, सेकंदाला ठोके किती. पटलं तर आपला ठोका त्याच्या ठोक्याशी जुळवतात आणि आत एक स्विच पडतो, टक्. तिथून पुढे गाव इंजिनावर आणि वरची वीज बॅटरीत. इंजिनाची चाल बिघडली की पुन्हा टक्, आणि गाव परत बॅटरीवर.

"मुलगी द्यायच्या आधी चौकशी करतात तसं," तो म्हणाला. "फक्त हे लग्नानंतरही चौकशी थांबवत नाहीत."

दर संध्याकाळी इंजिन चालू असताना गावातले दिवे सहासात वेळा डोळा मिचकावायचे. आम्ही समजलो, उन्हापासून केलेली वीज अशीच असणार. कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते माझी थोरली बहीण तोआकासे राजधानीतल्या, नुकुआलोफाच्या, इस्पितळातून परत आली तेव्हा. तिची फुप्फुसं थकली होती. डॉक्टर तिला तिथेच वॉर्डात ठेवणार होते. तोआकासे त्यांना म्हणाली, की मी ज्या घरात जन्मले त्याच्याच अंगणात मला पुरायचं आहे, आणि तुमचा वॉर्ड तिथून लांब पडतो. शेवटी डॉक्टरांनी ऑक्सिजनचं एक मशीन, अडीअडचणीला एक छोटा सिलिंडर आणि सहा आठवड्यांची मुदत दिली. मशीन किती तास चाललं, किती वेळा बंद पडलं, याची नोंद मशीनच्या आतच होते. सहा आठवड्यांनी नर्स सिउला बोटीने येऊन ती वाचणार. मशीन घरी नीट चालत नसेल, तर त्याच बोटीने तोआकासे परत जाणार.

आता आमच्या रीतीबद्दल थोडं. आमच्यात भाऊ वयात आला की बहिणीच्या खोलीत पाय ठेवत नाही, तिच्यासमोर थट्टा करत नाही आणि तिचा शब्द मोडत नाही. पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. तोआकासे आत पलंगावर, मी बाहेर भिंतीला टेकून चटईवर, अशी आमची संध्याकाळ जायची. आत तिची मुलगी फूसी असायची. फूसी चाळिशीची, दणकट. आमच्यात मामाच्या वस्तूंवर भाचीचा हक्क असतो. तिने आजवर माझा रेडिओ, दोन डुकरं आणि एक बऱ्यापैकी छत्री नेली आहे. बदल्यात ती मला आतली बातमी द्यायची.

पहिल्याच संध्याकाळी दिव्याने डोळा मिचकावला आणि आत मशीन किंचाळलं. फूसीने ते बंद करून परत चालू केलं. दहा मिनिटांनी परत तेच. दिव्याला पापणी मिटणं चालतं, मशीनला चालत नाही. ते थांबतं, ओरडतं आणि कोणी बटण दाबेपर्यंत ओरडतच राहतं. चालू केल्यावरही हवेत पुरेसा ऑक्सिजन यायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ तोआकासेचा श्वास मला भिंतीतून ऐकू यायचा. त्या रात्री मशीन सहा वेळा थांबलं.

सकाळी मी पेनिसिमानीकडे गेलो आणि हेडमास्तर असल्यासारखा बोललो. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली होती, पण आवाज निवृत्त होत नाही. तुझी वीज, तुझी जबाबदारी, सहा वेळा, असं बरंच. तो ऐकून घेत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "सहा वेळा म्हणालात ना? वेळा लिहिल्यात?"

लिहिल्या नव्हत्या. नापास झाल्यासारखं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी त्याने मला वही घेऊन भिंतीशी बसवलं आणि स्वतः पांढऱ्या खोलीत बसला. मशीन ओरडलं की मी वेळ लिहायची. टक् झालं की तो लिहायचा. तीन संध्याकाळी असं केलं. चौथ्या दिवशी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर माझ्या प्रत्येक ओळीला त्याची एक ओळ जुळत होती. बोंब व्हायची ती गाव इंजिनावरून बॅटरीवर परत यायच्या टक्-ला. आणि ते टक् व्हायचं नेहमी गावातल्या बायका इस्त्री आटोपायच्या सुमाराला.

मग मी ते जाड पुस्तक वाचून दाखवलं. बारा वर्षं मुलांना इंग्रजी शिकवून मला त्यातलं निम्मं कळलं, आणि इंग्रजी न येणाऱ्या पेनिसिमानीला उरलेलं. सेकंदाला पन्नास ठोके हवेत. पंचावन्नच्या पलीकडे गेलं, की इन्व्हर्टर इंजिनाला दार दाखवणार. आमचं पळकं इंजिन गावाच्या इस्त्र्या ओढताना त्रेपन्नवर असायचं; ओझं उतरलं की उधळायचं पंचावन्नच्या पार. बाहेर काढलं, की हेलकावे खात जरा खाली यायचं. परत आत घेतलं, परत उधळलं.

"म्हणजे स्क्रू," मी म्हणालो.

"स्क्रू," तो म्हणाला. "आणि बंद करायची माझी पद्धतपण. मी बोटीसारखा सरळ दांडा ओढतो. गाव त्याच्यावर बसलेलं असतानाच. आधी डब्यांना सांगायला हवं, की इंजिनाचा हात सोडा. मग इंजिनाने जरा रिकामं चालून गार व्हायचं. मग दांडा."

"मग कर की तो स्क्रू ढिला आत्ता."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चर्चमध्ये टोपी घालणाऱ्याकडे पाहतो. स्क्रू पाद्रीबाईंसाठी पिळला होता. तो पाद्रींच्या घराला न विचारता ढिला कसा करायचा? इंजिन चालू असताना त्यांच्या घरचा दिवा मंद होणार. मानाची भेट म्हणून कावाचं मूळ घेऊन रीतसर जायला हवं, बसायला हवं, बोलायला हवं. तो शुक्रवार होता. शनिवारी सगळे रविवारच्या तयारीत, रविवार तर रविवारच. सोमवारी सकाळी जातो म्हणाला. मला हे अगदी योग्य वाटलं. इथे कोणालाही वाटलं असतं, आणि चूक तिथेच झाली.

शनिवारी दिवसभर आभाळ भरलेलं होतं. संध्याकाळी साऱ्या गावाने पांढरे शर्ट आणि चर्चचे झगे इस्त्री केले. सूर्य मावळताच पेनिसिमानीने नेहमीप्रमाणे इंजिनाची आपोआप सुरू होण्याची कळ बंद केली. रविवारी इंजिनाने आपण होऊन बोलू नये, म्हणून तो दर शनिवारी त्याचं तोंड बांधायचा. बॅटरी अर्ध्यावर होती. ऊन पडलं की भरेल, असा त्याचा हिशेब. रविवार उजाडला तो राखेच्या रंगाचा.

दहाच्या प्रार्थनेला सगळं बेट चर्चमध्ये होतं. फूसी आणि तोआकासे घरी. आमचं घर चर्चच्या शेजारीच. दुसरं स्तोत्र चालू असताना वरचे पंखे हळू झाले आणि थांबले. पाद्रींच्या हातातला माईक मेला. आमच्या गायकांना माईकची गरज कधीच नव्हती, त्यामुळे ते गात राहिले. पण दोन कडव्यांच्या मधे श्वास घ्यायला सगळे थांबले, आणि त्या फटीतून शेजारच्या घरातली बोंब आत आली. बारीक, एकसुरी.

मला माहीत होतं, की सिलिंडरमध्ये तासाभराची हवा आहे. मी पुढच्या बाकावर होतो. तिथून मधेच उठलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी उठायचं ठरवत होतो, तेवढ्यात मागच्या खर्जाच्या रांगेतून पेनिसिमानीने स्तोत्रांचं पुस्तक मिटलं, बाकावर ठेवलं आणि कमरेला गुंडाळलेली मानाची चटई सावरत, मधल्या वाटेने, पाद्रींच्या डोळ्यांदेखत चालत बाहेर गेला. खर्ज गेल्याबरोबर स्तोत्र एका पायावर उभं राहिल्यासारखं झालं. मी त्याच्या मागे गेलो.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. रविवारी त्या आवाजाने सबंध बेटावरची कुत्री उभी राहिली. आम्ही पांढऱ्या खोलीत गेलो. इन्व्हर्टर बॅटरी संपल्यामुळे झोपलेले होते. इंजिनाची वीज आल्यावर त्यांचे छोटे दिवे लागले. त्यांनी नाडी पाहिली. पेनिसिमानीने हात वर केला होता, टक् ऐकायला. टक् झालं नाही. पडद्यावर पंचावन्नच्या वरचा आकडा होता. रिकामं इंजिन, थंड सकाळ, आणि अकरा वर्षांचा मान.

भिंतीवर हाताने फिरवायचा मोठा चेंजओव्हरही होता, गाव थेट इंजिनावर टाकायचा. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. पेनिसिमानीने नकार दिला. उधळलेल्या इंजिनाची कच्ची वीज तो त्या मशीनला द्यायला तयार नव्हता. आम्ही परत खोपटात आलो. त्याने स्क्रूवर पाना ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"विचारलं नाही मी," तो म्हणाला.

तेवढ्यात दारात आत्ताच्या पाद्रीबाई उभ्या राहिल्या. मेलिआमे त्यांचं नाव. बोंब त्यांनीही ऐकली होती आणि त्या थेट आमच्या मागे आल्या होत्या. पेनिसिमानीने पाना तसाच धरून मान खाली घातली आणि रीतसर क्षमायाचना सुरू केली: देवाचा मान, राजाचा मान, पाद्रींच्या घराचा मान, मग आपली पायरी. सगळं व्यवस्थित, एकही पायरी न गाळता. इंजिन डोक्यावर गरजत होतं.

"काय म्हणतोय हा?" पाद्रीबाईंनी मला ओरडून विचारलं.

मी त्यांच्या कानाशी सगळी गोष्ट तीन वाक्यांत सांगितली. शाळेत आयुष्य घालवल्याचा तेवढा फायदा झाला.

"मंद दिवा? अहो, मी रात्री फोनवर वाचते," त्या म्हणाल्या. "पेनी, फिरव ते. त्या घरातून बाई ओरडतेय की मशीन, ते तरी कळतंय का तुम्हा पुरुषांना?"

त्याने पाना फिरवला. अर्धा फेरा, मग पाव. डोळे मिटून, आवाजावर. इंजिनाचा सूर खाली उतरला, जसा पळत आलेला माणूस चालायला लागतो. मी पांढऱ्या खोलीच्या दारातून आकडा सांगत होतो. चौपन्न. बावन्न. एकावन्न. तिथे त्याने हात थांबवला. पुढचं अर्धं मिनिट मला फार लांब गेलं. मग तिन्ही इन्व्हर्टरमधून एकदम आवाज आला. टक्.

चर्चमधले पंखे फिरायला लागले, ते इथून दिसत होतं. शेजारची बोंब अजून थांबली नव्हती. मी आमच्या घराच्या आवारापर्यंत धावलो आणि भिंतीशी उभा राहिलो, आत जाता येत नव्हतं म्हणून. मग ती थांबली. फूसीने आतून सांगितलं, "मामा, चालू आहे. सिलिंडर काढला. आई विचारतेय, प्रार्थना सोडून इथे काय करतोस?"

पेनिसिमानी त्या दिवशी चर्चमध्ये परत गेला नाही. बॅटरी भरताना इंजिनावर एकदम फार भार पडू नये, म्हणून त्याने मला पुस्तकातून चार्जिंगची मर्यादा शोधायला लावली, ती कमी केली आणि संध्याकाळपर्यंत इंजिनाशी बसून राहिला. ऊन पडलं आणि बॅटरी पुरेशी भरली तेव्हा त्याने आधी इन्व्हर्टरना इंजिन सोडायला सांगितलं. टक् झालं. मी भिंतीशी कान देऊन होतो; मशीनने हूं की चूं केलं नाही. मग इंजिन पाच मिनिटं रिकामं घुरघुरलं आणि थांबलं.

सोमवारी तो कावाचं मूळ घेऊन पाद्रींकडे गेलाच. आधी केलेल्या गोष्टीची परवानगी मागायला. पाद्रींनी ती दिली आणि पुढच्या रविवारी प्रवचनाच्या शेवटी, सूचनांमध्ये, अंत्यसंस्कार वर्गणीच्या आधी सांगितलं, की यापुढे रविवारी इंजिनाला हाक आली तर त्याने उत्तर द्यावं, आणि पेनिसिमानीने उठून जावं. फक्त शक्यतो कडवं संपल्यावर.

सहा आठवड्यांनी नर्स सिउला आली. तिने मशीनचा आतला आकडा वाचला, चष्मा पुसून परत वाचला. पहिल्या आठवड्यात एकेचाळीस वेळा बंद. नंतरच्या पाच आठवड्यांत एकदाही नाही. तिने विचारलं, मधे कोणी इंजिनिअर आला होता का? फूसीने खिडकीतून पेनिसिमानीकडे बोट दाखवलं. तो अंगणात उभा होता, बोलावलं तर असावं म्हणून, आणि कोंबड्यांकडे बघत होता. सिउलाने कागदावर सही केली आणि बोटीत एकटीच चढली.

त्या संध्याकाळी तोआकासेने भिंतीतून मला हाक मारली. तिचा आवाज आता थोडा पुरत होता.

"रविवारी उमूच्या भट्टीतलं पहिलं पान कोणाकडे जातं?"

"पाद्रींकडे, ताई."

"दुसरं?"

आमच्या घरी दुसरं पान माझं असायचं.

"दुसरं खोपटात न्यायचं," ती म्हणाली. "तू स्वतः. दुसऱ्या कोणाच्या हाती नाही."

आत फूसी हसली. मी म्हटलं, बरं.

तोआकासे त्यानंतर दोन वर्षं आणि चार महिने आमच्यात होती. दर रविवारी मी लू नेलं. अळूच्या पानात बांधलेलं मांस आणि नारळाचं दूध, जमिनीतल्या उमूतून काढलेलं, गरम. ती गेली ती एका मंगळवारी दुपारी, तिच्या खोलीत, मशीन चालू असताना. अंगणात पुरली. पेनिसिमानी खड्डा खणणाऱ्यांमध्ये होता. मशीन नंतर त्यानेच पुसून, गुंडाळून बोटीवर चढवलं, दुसऱ्या कोणासाठी.

ती गेल्यावर पान थांबवायचं का, हे मी कोणाला विचारलं नाही. तिने थांबव म्हटलं नव्हतं.

परवाच्या रविवारी आभाळ भरलेलं होतं. मी पान घेऊन गेलो तेव्हा इंजिन नुकतंच लागलं होतं आणि तो स्टुलावर डोळे मिटून बसला होता. मी पान त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मास्तर," तो डोळे न उघडता म्हणाला, "तुम्ही मला गणितात दोनदा नापास केलंत."

"केलं."

"बरोबर केलंत. मला अजून भागाकार येत नाही."

मी म्हणालो, की माझी तक्रार नाही. त्याने बोट वर केलं, गप्प बसा म्हणून. आम्ही दोघं थांबलो. गावात कोणाचा तरी पंखा फिरत होता, चर्चमधून रविवारच्या शाळेतली मुलं बेसूर गात होती. मग भिंतीवरून आवाज आला, टक्, आणि एकही दिवा हलला नाही. त्याने डोळे उघडले आणि पानाची गाठ सोडली.